बंद पियानोचा आवाज

घरातली वाद्ये : भाग ६

डिजिटल पियानोची एखादी पट्टी खटखटू लागली की बहुतेक घरांत आधी व्हॉल्यूम वाढवला जातो. खटखट झाकली जाते, तेवढ्यापुरते भागते. दोष शोधायचा असेल तर मात्र नेमके उलटे करावे लागते. पियानो बंद, पंखा बंद, आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक पट्टी दाबत जायचे. वीज नसली की या वाद्यात सूर उरत नाहीत, नुसते यंत्र उरते. बारामती-इंदापूरकडच्या खेड्यांत लाइट गेली की ही परीक्षा आयतीच उरकून घेता येते.

बंद पियानोतही जो आवाज ऐकू येतो तो पट्टीचा. जो गायब होतो त्याचे मूळ बहुधा पियानोच्या बाहेर सापडते. स्टँडचा ढिला स्क्रू, वर ठेवलेला चष्म्याचा डबा, शेजारच्या शोकेसमधली स्टीलची वाटी, यांपैकी काहीही एखाद्याच ठरावीक सुराला झणझणू लागते. त्याच सुरावर बोट धरून ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने आसपासच्या वस्तू दाबून पाहायच्या. जिच्यावर हात पडताच झणझण थांबेल ती चोर. अशा वेळी पियानो उघडून बसण्याइतका व्यर्थ उद्योग दुसरा नाही.

पण खटखट खरोखर पट्टीचीच असेल तर? तिचे कारण तीनशे वर्षे जुने आहे. इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास तारेवर हातोडी मारणारे वाद्य बनवले, आणि पट्टी दाबली की आत काहीतरी उसळून आदळणार हे तेव्हापासून ठरूनच गेले. तारांच्या पियानोतही ही धडधड असते; तारांच्या नादात ती बुडते, इतकेच. डिजिटल पियानोत तार नाही, तरी हातोडी आहे. बोटाला खऱ्या पियानोचा जडपणा जाणवावा म्हणून प्रत्येक पट्टीला एक वजनदार दांडा जोडलेला असतो. ८८ पट्ट्यांचे ८८ दांडे. पट्टी साधारण दहा मिलिमीटर खाली जाते, दांडा उसळतो, आडव्या पट्टीवर आदळतो आणि परत येतो. सूर येतो स्पीकरमधून, आदळआपट होते प्लॅस्टिकच्या खोक्यात. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात दिसणारा हलका कीबोर्ड यापेक्षा शांत वाटतो, कारण त्याच्या पट्ट्यांखाली नुसत्या स्प्रिंगा असतात.

ही आदळआपट मऊ करण्याचे काम फेल्टचे. पट्टी जिथे खाली टेकते आणि सुटल्यावर जिथे वर अडते, अशा दोन्ही जागी फेल्टच्या लांब पट्ट्या चिकटवलेल्या असतात. काही वर्षे वाजवलेला पियानो उघडला तर या फेल्टवर ओळीने खळगे दिसतात. टोकांकडचे उथळ, मधल्या दोन सप्तकांतले खोल, कारण शिकाऊ हात दिवसभर तिथेच फिरतो. खळग्याच्या तळाशी फेल्ट दबून पुठ्ठ्यासारखा कडक झालेला असतो. नव्या पियानोतली दबकी ‘थप’ इथे ‘टक’ होते. भजनी मंडळातला पेटीवाला हे दुखणे लगेच ओळखेल. पेटीच्या पट्ट्यांखालचे लोकरीचे कापड झिजले की तीही अशीच बोलू लागते.

प्रत्येक ‘टक’ फेल्टची नसते, हेही सांगितले पाहिजे. पट्टी डावी-उजवीकडे हलू नये म्हणून पुढच्या बाजूला तिला एक खुंटीवजा आधार असतो आणि त्यावर ग्रीसचा पातळ थर दिलेला असतो. तो वाळला की पट्टी दाबताना कुरकुरते किंवा वर येताना क्लिक करते. दाबलेली पट्टी हलकेच एका कडेला रेटून पुन्हा वाजवली आणि आवाज बदलला, तर संशय ग्रीसवर घ्यावा. फेल्टची ‘टक’ मात्र पट्टी तळाला टेकतानाच येते, कशीही रेटली तरी. आणि खुळखुळ ऐकू आली तर आत काहीतरी पडले आहे: पेन्सिलीचे टोक, हेअरपिन, नाही तर आतलाच सुटलेला स्क्रू.

याच टप्प्यावर घरातले कोणीतरी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन येते. तिला दारातच अडवावे. पातळ तेल जागेवर राहत नाही. ते फेल्टमध्ये मुरते, खालच्या रबरापर्यंत ओघळते आणि धूळ धरून चिकट लगदा करते. कुरकुर दोन दिवस थांबते आणि मग पट्टीच वर यायला आळस करू लागते. खोबरेल तेल आणि गंजावर मारायचा स्प्रे यांचीही तीच गत. प्लॅस्टिकला आणि रबराला चालणारे सिलिकॉन ग्रीस, तेही घासणीच्या जागी काडीच्या टोकावर मावेल एवढेच, हा त्यावरचा इलाज आहे.

धुळीचा विषय या पट्ट्यात टाळता येत नाही. बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. वर्षातले बरेच महिने हवा कोरडी, आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेला फुफाटा रस्त्याकडेच्या घरांत शिरतो. पाचट पेटवले की त्याची काळी काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. ती पियानोला वगळत नाही. धुळीने खटखट फारशी वाढत नाही. तिचा घाव दुसरीकडे बसतो.

प्रत्येक पट्टीखाली रबराची छोटी टोपी असते आणि तिच्या आत कार्बनचे दोन, काही मॉडेलांत तीन, ठिपके. पट्टी खाली जाताना हे ठिपके एकामागून एक सर्किटला टेकतात. दोन टेकण्यांमधला काही मिलिसेकंदांचा वेळ मोजून पियानो ठरवतो की बोट जोरात पडले की हळू, आणि त्या जोराला १ ते १२७ मधला एक आकडा देतो. ठिपक्यावर कचरा बसला की हा हिशेब चुकतो. पट्टी कधी मुकी राहते, कधी हळू दाबली तरी अंगावर ओरडते. घरच्यांना वाटते पट्टी ‘आवाज करते’ आहे. पण वीज बंद केली तर ती शेजारणीइतकीच शांत असते. हा दोष फेल्ट बदलून जाणार नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने ठिपके आणि सर्किटची जागा पुसावी लागते, आणि तेवढ्याने न भागल्यास रबर बदलावे लागते. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारणे हा मात्र उपाय नव्हे. त्या हवेत पाण्याचा आणि तेलाचा अंश असतो, शिवाय वरची धूळ आत ढकलली जाते. रोज वाजवून झाल्यावर जुन्या सुती साडीचा अभ्रा घातला तरी पुष्कळ फरक पडतो.

आता खालच्या मजल्यावरच्यांची बाजू. बारामतीत भिगवण रोडच्या आसपास सोसायट्या वाढल्या, तसा हा प्रश्नही वाढणारच. हेडफोन लावून रात्री अकराला सराव करणाऱ्या मुलीला फक्त सूर ऐकू येतात. खाली झोपलेल्या आजोबांना सूर सोडून बाकी सगळे. पट्ट्यांचा दणका स्टँडच्या पायांतून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये उतरतो. भिंतींना फोम चिकटवून तो थांबत नाही, कारण तो हवेतून जातच नाही. पाय आणि फरशी यांच्यामध्ये लवचीक थर हवा. जिममध्ये अंथरतात तसल्या जाड रबरी फरश्या चांगल्या. या भागातल्या अनेक घरांत धनगरी घोंगडी असते. तिची चौपदरी घडीही बऱ्यापैकी काम करते. स्टँडचे बारीक पाय घोंगडीत रुततात आणि दबलेल्या लोकरीचा उपयोग संपतो, म्हणून वर प्लायवूडचा तुकडा टाकून त्यावर स्टँड ठेवावा. घोंगडी अधूनमधून उन्हात टाकावी, नाही तर कसर लागेल, आणि लोकर खाणारी कीड पियानोतल्या फेल्टपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

पियानो उघडावा की नाही? वॉरंटी असेल तर नाही. संपली असेल आणि हात स्थिर असेल तर उघडायला हरकत नाही, पण तो रेडिओ नव्हे. यामाहाच्या पी-४५ सारख्या घरगुती मॉडेलचे वजन साडेअकरा किलो आहे. एकट्याने उलटे करताना पट्ट्याच आधी मोडतात. खाली गादी, हाताशी दुसरा माणूस आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. आखूड जागी लांब स्क्रू आवळला की प्लॅस्टिक फुटते. सपाट रिबन केबल ओढायची नाही, तिची खिट्टी सोडवायची.

दुरुस्तीतून वाद्याच्या धंद्यात शिरलेल्या माणसाचे नावच या पी-४५ वर आहे. तोराकुसु यामाहा हा वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. १८८७ मध्ये हामामात्सुच्या एका शाळेतला परदेशी ऑर्गन बिघडला म्हणून त्याला बोलावले. आत दोन स्प्रिंगा तुटल्या होत्या. त्या बसवता बसवता त्याने आतल्या रचनेची चित्रे काढून घेतली, स्वतःचा ऑर्गन बनवला आणि तपासून घेण्यासाठी तो खांद्यावरून हाकोनेच्या डोंगरापलीकडे, अडीचशे किलोमीटरवरच्या टोकियोला नेला.

बारामतीहून पुणे शंभरेक किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. एवढ्या वाटेवर पियानो डिकीत घालून नेण्याआधी मोबाइलवर एक व्हिडिओ काढलेला बरा. वीज बंद ठेवून आधी दोषी पट्टी तीनदा वाजवायची, मग तिच्या दोन्ही बाजूच्या चांगल्या पट्ट्या, आणि शेवटी वीज चालू करून तीच फेरी. पट्टीचा क्रमांक डावीकडून मोजून सांगायचा. कारागिराला एवढ्यावरून फेल्ट, ग्रीस की रबर याचा अंदाज येतो आणि सुटा भाग आधी मागवता येतो. रबर बहुधा एकेका पट्टीचे मिळत नाही, कित्येक पट्ट्यांची सलग लड घ्यावी लागते, हे किंमत विचारताना ध्यानात असू द्यावे.

पियानोसोबत पेडलही न्यावे. काही मॉडेलांत पेडल दाबलेले असतानाच वीज चालू केली तर त्याचे काम उलटे होते: पाय उचलला की सूर लांबतो, दाबला की तुटतो. दुरुस्तीला आलेली कितीतरी पेडले मुळात धडधाकट असतात. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.