शेवटचे दोन किलो

ऐंशी किलोवरून सत्तरवर यायचं ठरवलेला माणूस पहिले आठ किलो उत्साहाने उतरवतो आणि उरलेल्या दोनांपाशी अडतो. चालणं तेवढंच, जेवणही तेच. काटा मात्र ढिम्म. ‘जिद्द कमी पडली’ असं घरचे म्हणतात, हळूहळू त्यालाही ते पटतं. हा निदानातला घोटाळा महागात पडतो, कारण स्वतःला दोष देता देता माणूस अंगवळणी पडलेल्या चांगल्या सवयीही सोडतो. माझ्या मते, या टप्प्यावर जिद्द वाढवण्याआधी प्रगती मोजायची रीत बदलायला हवी.

आधी शरीराचा हिशेब पाहू. वजन घटलं की शरीराचा ऊर्जेचा खर्च घटतो, आणि भूक त्याहून कितीतरी जास्त वाढते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले तेव्हाचे संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१६ मधल्या अंदाजानुसार घटलेल्या दर किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी उतरतो, तर खाण्याची ओढ सुमारे १०० कॅलरींनी चढते. म्हणजे आठ किलो उतरवलेला माणूस पहिल्या दिवसापेक्षा साधारण ८०० कॅलरी जास्त मागणाऱ्या भुकेशी रोज झुंजत असतो. त्याची जिद्द कमी झालेली नाही. तिच्यावरचा भार वाढला आहे.

यावर कोणी म्हणेल, ध्येय जवळ आलं की माणसाला उलट हुरूप यायला हवा. हे निराधार नाही. मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३० च्या दशकात दाखवलं, की अन्नाजवळ पोहोचताना उंदरांचा वेग वाढतो. दहा कॉफींवर एक मोफत देणाऱ्या कार्डांच्या २००६ मधल्या अभ्यासातही, कार्ड भरत आलं तशी गिऱ्हाइकं लवकर लवकर परतू लागली. पण कार्डावर दर कपाला एक शिक्का पडतो आणि जवळीक डोळ्यांना दिसते. वजनकाट्यावर ती दिसत नाही. खारट जेवण किंवा शरीरात साठलेलं पाणी यांमुळे वजन एका दिवसात किलोभर सहज वर-खाली होतं. आठवड्याला पाव किलो उतरत असेल, तर ती घट या चढउतारात बुडून जाते. कष्ट होतात, पण शिक्का पडत नाही.

म्हणून शिक्का स्वतःच मारायला हवा. महिन्यात वीस दिवस व्यायाम असं ठरवून किती दिवस उरले ते रोज लिहावं. हा आकडा केलेल्या प्रत्येक व्यायामागणिक हमखास उतरतो. वजन रोज केलं तरी निष्कर्ष आठवड्याच्या सरासरीवरून काढावा. सोबत कंबर मोजावी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण मांडलं होतं: दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. आपल्यासारख्या शरीरयष्टीच्या लोकांना काटा अर्धीच गोष्ट सांगतो.

आकडा नकोसा झाला म्हणून काढलेली ही पळवाट आहे, अशी शंका कोणी घेईल. वजनाकडे पाठ फिरवली असती तर ती रास्त ठरली असती. इथे वजन मोजायचंच आहे, फक्त त्याला रोजचा निवाडा करू द्यायचा नाही. शिवाय सत्तरचा आकडा बहुधा गोल म्हणून निवडलेला असतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सात टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे लक्ष्य ठेवलं होतं; त्या गटात मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. ऐंशी किलोंच्या सात टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. आठ किलो उतरवणाऱ्याने तेवढी मजल केव्हाच मारली आहे. उरलेले दोन जरूर उतरवावेत, पण ज्या दिनक्रमाने आठ किलो गेले तो पुढेही निभेल अशाच गतीने. कारण सत्तरवर पोहोचल्यानंतरही तोच दिनक्रम चालवायचा आहे.