मालक खालच्या मजल्यावर राहतो तेव्हा
बंगळुरूत खाली मालक, वर भाडेकरू अशी घरं गल्लोगल्ली आहेत. भाडं महिना ३,५०० रुपयांहून जास्त असेल, तर १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा लागूच होत नाही. मग आधार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा आणि करारनाम्याचा. करारात वेगळं ठरलं नसेल, तर नियमित भाडं भरणाऱ्याला घर विनाअडथळा वापरू देणं मालकावर बंधनकारक आहे. म्हणून पाहुण्यांचं आधीच लिहून घ्या. आई आठवडाभर आली म्हणून जिन्यात बोलणी खाणं अपमानास्पद आहे. खरी मेख विजेची. मीटर एकच असेल, तर कर्नाटकच्या मोफत विजेच्या ‘गृहज्योती’ योजनेत दोन्ही घरांचा वापर एकत्र मोजला जातो आणि २०० युनिट ओलांडले की पूर्ण बिल भरावं लागतं. सबमीटर बसवा, दरमहा आकड्याचा फोटो दोघांकडेही राहू द्या.