तीर्थनच्या थंड पाण्यात

हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट गरवायला गेलं की काठी लगेच हातात मिळत नाही. गुशैणीच्या वरच्या अंगाला आमचा गाइड गुडघाभर पाण्यात उतरला, तळाचा एक दगड उचलला आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. "दीदी, पहले इसको देखो." दगडाच्या ओल्या पोटाला चपटे, तपकिरी किडे घट्ट चिकटले होते. शेपटीला तीन लांब केस, पोटाच्या दोन्ही कडांना थरथरणारी कल्ल्यांची झालर. मेफ्लाय नावाच्या कीटकाची ही पिल्लं. त्यांचं जवळजवळ सगळं आयुष्य असं दगडाखाली जातं. पंख फुटून हवेत आल्यावर ती काही खातच नाहीत. जोड्या जमवतात, अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत मरतात. शेजारीच वाळूचे कण चिकटवून केलेली बारीक नळकांडी होती. ती कॅडिस नावाच्या अळीची घरं.

ट्राउटचं जेवण हेच. त्या दिवशी त्या पाण्यातून जो किडा वाहत असेल, त्यावरच ती बहुतेक वेळा लक्ष ठेवून असते. म्हणून गाइडने दगड पाहिला, मग डबी उघडली आणि तेवढ्याच आकाराची, त्याच रंगाची 'माशी' निवडली. नखाएवढ्या गळावर तांब्याच्या तारेने गुंडाळलेला फेझंट पक्ष्याच्या शेपटीचा पिसारा. पाण्यात भिजल्यावर ती आणि दगडावरचं पिल्लू यांत मला फरक करता येईना.

माझं माहेर देवगडकडचं. आमच्या खाडीत गरीला कोळंबी लावतात, दोरीला शिसं बांधतात आणि भिरकावतात. शिशाच्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये नेमकं उलट असतं. पिसाच्या माशीला वजन असं नसतंच, त्यामुळे दोरच जाड आणि जड केलेला असतो. फेकायचा तो दोर. माशी त्याच्यामागून जाते. काठी वर उचलून मागे न्यायची, दोर पाठीमागे पूर्ण सरळ होईतो थांबायचं आणि मगच पुढे आणायची. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे. दोर मागे उलगडला की काठीला हलकी ओढ लागते, ती मनगटाला कळते. ताकद लावणाऱ्यापेक्षा वाट पाहणाऱ्याचा दोर लांब जातो.

पण गाइडचं खरं मोल कळतं ते पाणी वाचताना. मला दिसत होता तो एकसारखा पांढरा खळाळ. त्याने त्यातल्या जागा दाखवल्या: मोठ्या धोंड्यामागचं शांत पाणी, वेगवान आणि संथ धारा एकमेकींना भिडतात ती शिवण, काठाखाली पोखरलेली कपार. ट्राउट संथ पाण्यात उभी राहते, म्हणजे शक्ती खर्च होत नाही, आणि शेजारच्या धारेतून वाहत येणारा घास टिपते. तिचं तोंड नेहमी प्रवाहाच्या वरच्या दिशेला, म्हणून आपण खालून, पाठीमागून जायचं. तेही वाकून, कारण पाण्यावर येणारे किरण वाकतात आणि काठावर ताठ उभा असलेला माणूस तिला दिसतो. "झुकके, दीदी, झुकके," असं तो दर चार पावलांनी पुटपुटत होता.

माशी पाण्यावर पडली म्हणजे काम झालं असं नाही. ती मोकळ्या किड्यासारखी वाहायला हवी. मधल्या वेगवान धारेने दोर ओढला की माशीही ओढली जाते, आणि कुठलाही किडा तसा पळत नाही. म्हणून दोराचा मधला भाग काठीच्या टोकाने अलगद उचलून वरच्या बाजूला टाकत राहायचं.

धोंड्याच्या कडेला दोर क्षणभर अडखळला. काठी उचलली आणि ती जिवंत झाली. पितळी पिवळं अंग, पाठीवर काळे ठिपके, कुशीवर फिकट कड्यांतले लाल ठिपके: ब्राउन ट्राउट, वीतभरापेक्षा थोडी मोठी. गाइडने आधी हात पाण्यात बुडवले. कोरड्या हाताने धरलं तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोग शिरतो. गळाचा उलटा काटा त्याने सकाळीच पकडीने दाबून सपाट केला होता, त्यामुळे गळ सहज सुटला. तोंड प्रवाहाकडे करून त्याने तिला पाण्यातच तळहातावर धरलं. कल्ले चार-सहा वेळा उघडले-मिटले आणि ती गेली. मासे खाऊन वाढलेली मी, तरीही मला हेच योग्य वाटतं. डोंगरातल्या थंड, लहान नदीत मासा सावकाश वाढतो. पाहुणे रोज दोन-दोन घेऊन जाऊ लागले तर नदी रिकामी व्हायला वेळ लागणार नाही.

ब्राउन ट्राउट मूळची युरोपातली. कुल्लूचे ब्रिटिश अधिकारी हॉवेल यांनी १९०९ मध्ये काश्मीरहून अंडी आणून इथे तिची पैदास सुरू केली. इथला मूळचा मासा वेगळा, त्यालाही 'स्नो ट्राउट' म्हणतात, पण तो आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. परक्या ट्राउटने त्याची जागा आणि घास दोन्ही बळकावले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ट्राउटचं कौतुक करताना स्थानिक माशाचा विचार मत्स्य विभागाने आणि आपण पाहुण्यांनीही करायला हवा.

तरी या खोऱ्याने ट्राउटच्या आधाराने एक मोठी गोष्ट वाचवली. शेजारच्या सैंज नदीवर जलविद्युत प्रकल्प झाले. तीर्थन आणि सैंज जिथे बियासला मिळतात त्या लारजीलाही धरण आहे. तीर्थनवरही प्रकल्प येणार होते. माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकऱ्यांनी ते कोर्टापर्यंत जाऊन थांबवले. नदी बोगद्यात घातली तर ट्राउट जाईल, आणि ट्राउटबरोबर पाहुणे आणि रोजगारही, हा मुद्दा त्यात होता. आज गुशैणी, नागिणीची पोरं गाइड म्हणून घरीच राहून कमावतात. वरचं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं.

जायचं असेल तर पावसाळ्यानंतर, पाणी निवळल्यावर ऑक्टोबरात जा, किंवा बर्फ जोरात वितळू लागण्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये. मत्स्य विभागाचा परवाना दिवसाच्या हिशेबाने मिळतो. गाइड तो काढून देतो, पण मागून पाहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते. त्या महिन्यांत ब्राउन ट्राउट तळाच्या खडीत खळगे करून अंडी घालते, आणि पाण्यात पाय टाकला तरी ती चिरडतात. तेव्हा त्या दिवसांत कुणी 'चला, करून देतो' म्हणालं, तर सरळ नाही म्हणा.