पकडीची दोन शतके

दुसऱ्या बाजीरावाच्या वाट्याला इतिहासात टीकाच जास्त आली. तालमीच्या इतिहासात मात्र त्याचे नाव आदराने घ्यावे लागते, आणि तो धागा थेट आमच्या श्रीवर्धनला येऊन मिळतो. इथल्या भट घराण्यातले बाळाजी विश्वनाथ 1713 मध्ये पेशवे झाले. दुसरा बाजीराव त्यांचा पणतू. त्याच्या पदरी बाळंभटदादा देवधर होते. दरबारात आलेल्या अली आणि गुलाब या पहेलवानांचे आव्हान त्यांनी स्वीकारले, ही कथा परंपरेने जपली आहे. मल्लखांबाला नवे रूप देऊन तो घरोघरच्या पोरांपर्यंत नेणारे गुरू म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

मल्लखांब आज कसरत म्हणून पाहिला जातो. मुळात तो मल्लाच्या सरावाचा खांब. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’तही मल्लांच्या अशा खांबाचा उल्लेख आहे. अढी मारताना मांड्यांची जी मिठी बसते, बगली घेताना काखेत जो दाब येतो, तोच दाब मातीत प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर येतो. तेल लावलेल्या गुळगुळीत लाकडावर टिकणारी पकड घामेजलेल्या मनगटावरही टिकते.

परंपरेने कुस्तीचे चार प्रकार मानले: ताकदीची भीमसेनी, डावपेचांची हनुमंती, सांधे जखडून शरण आणणारी जांबुवंती आणि हाडे मोडण्यापर्यंत जाणारी जरासंधी. पुढे आपल्या आखाड्यात पाठ टेकवण्याला, चितपटीला, मान मिळाला. जांबुवंती मागे पडली. तिचा अंश मात्र उरला. एक मल्ल खाली बसलेला, दुसऱ्याने पाठीवर कब्जा घेतलेला. घिस्सा ओढायचा की एकलंगी भरायची, यातला डाव कोणता याचा निर्णय बोटांच्या टोकांवर चाललेला असतो. माझ्या मते कुस्तीतला सर्वांत श्रीमंत काळ हाच. वरच्याने मनगट काढून घेतले की खालच्याचा एक आधार गेला. मग कोपर, मग खांदा. चितपट होण्याच्या कितीतरी आधी कुस्ती ठरलेली असते.

विसाव्या शतकात या विद्येने जग पाहिले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनला सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीत 57 किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मान कवेत जखडून फेकायचा ढाक हा त्यांचा हुकमी डाव. फेक सगळ्यांना दिसते. ती शक्य करणारी मानेवरची पकड पाहणारा खरा रसिक.

त्याच सुमारास मुंबईत वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना गर्दी लोटत होती. व्यावसायिक रिंगणातले निकाल बहुतेकदा आधी ठरलेले असतात. पण 12 डिसेंबर 1976 रोजी कराचीत अक्रम पहेलवान आणि जपानचे अँटोनियो इनोकी खरोखरच लढले. इनोकींनी मनगट धरून खांदा मागे पिळला. अक्रम शरण गेले नाहीत. त्यांचा हात निकामी झाला आणि कुस्ती थांबली. अक्रम यांच्या लाहोर-अमृतसरच्या मातीला पकडीचे शास्त्र नवे नव्हते, तरी शरणागतीच्या पकडीपुढे जिद्दही अपुरी पडते हे त्या दिवशी दिसले.

इनोकींचे गुरू कार्ल गॉच. इंग्लंडमधल्या विगनच्या बिली रायली यांच्या तालमीत ते तयार झाले. त्यांच्या शिस्तीत आपल्या दंड-बैठकांना मोठे स्थान होते. जपानी मल्लही त्यावर घडले. ती परंपरा पुढे छोट्या, स्वतंत्र संस्थांच्या रिंगणांत रुजली. अमेरिकेत 2002 मध्ये सुरू झालेल्या ‘रिंग ऑफ ऑनर’मध्ये ब्रायन डॅनियलसन आणि नंतर इंग्लंडचे झॅक सेबर ज्युनियर यांनी सांधे जखडण्याची कला पुन्हा मध्यभागी आणली. निकाल ठरलेला असला तरी मनगट पिळण्यातली अचूकता ठरवून येत नाही. ती वर्षानुवर्षांच्या तालमीनेच येते. म्हणून तिला दाद द्यायला हवी.

आपल्याकडे महाराष्ट्र केसरी 1961 पासून चालू आहे. माती आणि गादी अशा दोन विभागांतले विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. गादीवर खाली काही घडत नाही असे वाटले की पंच मल्लांना उभे करतो, त्यामुळे खालची कुस्ती आक्रसते. जत्रेच्या फडात तिला वेळ मिळतो, पण प्रेक्षक शिट्ट्या मारून घाई करतात. ती घाई आपण सोडावी. मल्लखांब आता खेलो इंडियात आहे, मुलीही त्यावर झेप घेत आहेत. पेशव्यांच्या श्रीवर्धनात प्रत्येक शाळेच्या पटांगणात एक मल्लखांब रोवला जावा. त्यावर पकड शिकलेली पोरे उद्या फडाच्या कडेला बसतील, तेव्हा कब्जा बसताच दाद देतील, आणि मातीतल्या मल्लालाही घाई न करता आपली विद्या दाखवता येईल.