पत्ता एकदाच लिहावा

ग्रंथालयाच्या देवघेवीच्या वहीत दर नोंदीपाशी सभासदाचे नाव, पत्ता, पुस्तक आणि लेखक असा सारा तपशील पुनःपुन्हा लिहिणारा कारकून कितीही दक्ष असला, तरी सभासदाने बिऱ्हाड बदलले की चाळीस ठिकाणची दुरुस्ती एकोणचाळीस ठिकाणीच होते, आणि मग खरा पत्ता कोणता याची रुजुवात त्या वहीवरून होऊ शकत नाही. याहून विलक्षण असे की, ज्याने अद्याप एकही पुस्तक नेले नाही त्याला या दप्तरात जागाच नसते.

संगणकीय दप्तरांतील ही पुनरुक्ती टाळण्यासाठी आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतले गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसामान्यीकरणाचा विचार मांडला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या पायऱ्या सांगितल्या. नाव भारदस्त, पण मर्म साधे: एका रकान्यात एकच मूल्य; आणि पत्ता सभासद-क्रमांकावरून ठरतो, देवघेवीच्या तारखेवरून नव्हे, म्हणून तो सभासदांच्या कोष्टकात एकदाच लिहून देवघेवीत केवळ क्रमांक ठेवावा.

अर्थात विभागलेली कोष्टके एकत्रित तपशील मागणाऱ्या प्रत्येक विचारणेच्या वेळी पुन्हा जोडावी लागतात; म्हणूनच मोठमोठे अहवाल काढणारे जाणकार थोडी पुनरुक्ती कधीकधी जाणूनबुजून पत्करतात.