उतारावर दुखणारा गुडघा

मणिबेलीच्या आशाताई मध्यंतरी एका पस्तिशीच्या बाईंना घेऊन ओपीडीत आल्या. नर्मदेकाठचं हे अक्कलकुवा तालुक्यातलं गाव सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. घरं आता डोंगराच्या अंगावर विखुरलेली. कुठेही जायचं तर आधी चढ किंवा उतार.

बाईंची तक्रार नेमकी होती. चढताना कमी दुखतं, उतरताना जास्त. चुलीपुढे उकिडवं बसलं की वाढतं. जीपमध्ये गुडघे दुमडून तासभर बसल्यावर उठताना तर पहिली चार पावलं टाकवत नाहीत. नेमकं कुठे, असं विचारल्यावर त्यांनी तळहात गुडघ्याच्या वाटीवर फिरवला. सूज नव्हती. सोबतचा एक्सरे चांगला होता. पिशवीत वेदनाशामक गोळ्यांची तीन पाकिटं होती आणि आधी मिळालेला सल्ला असा : आराम करा, डोंगर चढू नका, खाली बसू नका. हे सांगताना आशाताईंनाच हसू आलं. ‘‘सर, मग पाणी कोण आणणार?’’

हसू मला आलं नाही, कारण नोकरीची पहिली कित्येक वर्षं मीही हाच सल्ला देत होतो.

वाटी हे मांडीच्या पुढच्या स्नायूत बसवलेलं हाड. गुडघा वाकला की ती मांडीच्या हाडावरच्या खोबणीतून सरकते. सपाटीवर चालताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा भार पडतो. जिना उतरताना तो तिपटीच्या पुढे जातो आणि पूर्ण उकिडवं बसून उठताना सात-आठ पट होतो. वर डोक्यावर हंडा असेल तर हिशेब आणखी वाढतो. हा भार पेलायला मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू कमी पडले, किंवा काम एकदम वाढलं, की वाटीच्या मागे दुखू लागतं. ‘गुडघा झिजला’ असा याचा अर्थ नसतो. आराम केला की दुखणं थांबतं हे खरं, पण स्नायू आणखी दुबळे होतात आणि पहिल्याच उतारावर दुखणं परत येतं.

व्यायामाने फरक पडतो का? कॉक्रेनच्या २०१५ सालच्या आढाव्यात ३१ चाचण्या आणि १,६९० रुग्ण होते. व्यायामाने वेदना कमी होतात, कामं जमू लागतात, असा सूर सगळीकडे सारखा दिसला. गुडघ्याच्या जोडीला कुल्ल्याचेही व्यायाम केले तर फायदा जास्त असावा, असंही दिसलं. पुरावा फार भक्कम नाही आणि अमुकच व्यायाम सर्वोत्तम असं सांगता येत नाही, हेही त्याच आढाव्यात आहे. मला यात सोयच वाटते. जे घरात जमेल ते द्यावं.

बाईंना आम्ही चारच गोष्टी दिल्या. उताणं झोपून एक पाय दुमडायचा, दुसरा सरळ ताठ ठेवून वीतभर उचलायचा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर न्यायचा. हा कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूसाठी, आणि लोक नेमका हाच टाळतात. दोन्ही पाय दुमडून कंबर उचलायची. आणि घराच्या कुडाला पाठ टेकवून थोडंसंच खाली सरकायचं, अर्धवटही नाही. प्रत्येकी दहा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दुखणं कमी झालं की ओट्याच्या पायरीवर हळू चढ-उतर. गुडघा आत, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकू द्यायचा नाही.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत व्हायला हवं. नाही झालं तर संख्या निम्मी करायची. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. रोज गोळ्या घेत राहिल्याने मात्र जठर आणि मूत्रपिंडाला धोका होतो.

एक गोष्ट आमच्या जिल्ह्यात विसरून चालत नाही. सिकलसेलच्या रुग्णांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि ते दुखणं मांडीत किंवा चक्क गुडघ्यात जाणवतं. म्हणून गुडघा दाखवायला आलेल्याचा खुबा मी फिरवून पाहतोच. या बाईंची सिकलसेलची तपासणी झालेली होती, दोष नव्हता. गुडघा सुजणं, अडकणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पडल्यानंतर पाय टेकवता न येणं, लंगडणारं मूल : यांत व्यायामाची वाट पाहू नये, आधी डॉक्टरांना दाखवावं.

अडीच महिन्यांनी बाई परत आल्या, यावेळी लेकीच्या तापासाठी. गुडघ्याचं मीच विचारलं. गोळ्या बंद आहेत, चुलीपुढे बसता येतं, हंडा घेऊन उतरताना अजून दुखतं, म्हणाल्या. कुशीवरचा व्यायाम करता का? आशाताईंनी विचारलं आणि त्या दोघीही हसल्या. करत नव्हत्या. तपासणीच्या टेबलावर तो पुन्हा करून घेतला. आठव्याच वेळी पाय थरथरू लागला.