काडी, नळी आणि कागद: मुलांनी स्वतः करायची तीन खेळणी

मुलांसाठी हस्तकला म्हटले की रंगीत कागद, टिकल्या, डिंक आणि शेवटी भिंतीवर लावायची शोभेची वस्तू डोळ्यांपुढे येते. ती छान दिसते, पण जमली की नाही हे मोठ्या माणसांनीच सांगावे लागते. याहून वेगळी एक परंपरा पुण्यात रुजली आहे. तिच्यातल्या वस्तू हलतात, वाजतात, फिरतात. जमले की नाही, हे खेळणेच मुलाला सांगते.

पुण्याशी असलेले नाते

अशी खेळणी घडवणारे अरविंद गुप्ता १९७५ मध्ये आयआयटी कानपूरमधून अभियंता झाले आणि पुण्यात टेल्को कंपनीत रुजू झाले. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे खेड्यातल्या शाळांना परवडतील अशी साधने हवी होती. त्यातून आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी घडली. पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी २०१४ पर्यंत काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या शेकडो खेळण्यांची कृती त्यांच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येते.

१. काड्या आणि नळीचे आकार

साहित्य: आगकाड्या, सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ट्यूब, कात्री, जाड सुई.

काड्यांचे गुल मोठ्यांनी आधीच कापून टाकावेत. नळीचे साधारण दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. एका तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी सरकवली की सांधा तयार होतो. तीन काड्या आणि तीन सांध्यांचा त्रिकोण करा, मग चार-चारांचा चौकोन.

आता दोन्ही आकार बोटांनी हलकेच दाबून पाहा. चौकोन तिरका होतो, त्रिकोण मात्र तसाच राहतो. तीन बाजूंच्या लांब्या ठरल्या की त्रिकोणाचे कोनही ठरून जातात, पण चौकोनाचे कोन बदलू शकतात. पत्र्याच्या छपराखालच्या कैच्या, रेल्वेचे लोखंडी पूल आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात, हे मुलाला इथे हातांनी कळते.

पुढची पायरी: त्रिकोणाच्या प्रत्येक सांध्याच्या मध्यावर सुईने भोक पाडून एकेक काडी उभी खोचा. वर तिन्ही काड्या एका भोक पाडलेल्या तुकड्यात एकत्र आणा. सहा काड्यांचा भक्कम चतुष्फलक तयार. त्यानंतर घनही करून पाहावा. तो का कलंडतो आणि कुठे तिरकी काडी लावल्यावर ताठ उभा राहील, हे मुलालाच शोधू द्यावे.

२. स्ट्रॉची पिपाणी

साहित्य: एक स्ट्रॉ, कात्री. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे घरात पडून असलेला जुनाच वापरावा.

एक टोक दोनेक सेंटिमीटर चपटे करा आणि त्याचे दोन्ही कोपरे तिरके कापून टोकदार करा. टोकाच्या जरा मागे ओठ मिटून जोरात फुंका. चपट्या पात्या थरथरतात आणि आतल्या हवेचा सूर निघतो. पहिल्या फुंकरीला आवाज आला नाही, तर टोक आणखी चपटे करून ओठ थोडे पुढेमागे करावेत. सूर लागला की दुसरे टोक थोडे थोडे कापत जा. नळी आखूड होईल तसा सूर चढतो. बासरीत भोके उघडल्यावर सूर चढतो, त्याचेही कारण हेच आहे.

३. कागदाची भिंगरी

साहित्य: कागदाची १५ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद पट्टी, कागदाला लावायची एक पिन.

वरून मधोमध ७ सेंटिमीटर चीर द्या. एक पंख पुढे आणि एक मागे दुमडा. खालचे टोक दोनदा दुमडून तिथे पिन लावा. हात उंच करून सोडा, भिंगरी गरगरत खाली येते. पंखांच्या घड्या उलट केल्या की ती उलटी फिरते. आणखी एक पिन लावल्यास किंवा पंख आखूड केल्यास काय होते, याचा आधी अंदाज बांधायला सांगा, मग सोडून पाहा.

मोठ्यांचे काम

सहा वर्षांखालील मुलांच्या हाती काड्या आणि नळीचे तुकडे देऊ नयेत, त्यांच्यासाठी भिंगरी पुरे. इतरांना कापण्यात आणि भोक पाडण्यात हवी तेवढीच मदत करावी. वाकडा त्रिकोण आपण सरळ करून दिला, तर मुलाचा शोध आपणच हिरावून घेतो. खेळणे मोडले तरी रागवू नये. साहित्य अगदी स्वस्त आहे आणि आत काय आहे हे पाहण्यासाठी मोडणे हाही शिकण्याचाच भाग आहे. काड्या, नळी आणि कागदाचा डबा सहा वर्षांवरील मुलांचा हात पोहोचेल अशा फळीवर ठेवा आणि पुढचे खेळणे त्यांना ठरवू द्या.